आधी कॉपीराइटचं पान उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभरापूर्वी अटलांटाला आलात, ऑबर्न अव्हेन्यूवरचं मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर पाहून आलात, आणि आता अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीतल्या माणसांच्या आत्मकथनांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायच्या आहेत. महिन्याला शंभरेक डॉलर बाजूला काढता येतील. सुरुवात कुठून करायची, खरी पहिली आवृत्ती ओळखायची कशी, आणि सही असलेली प्रत घ्यावी का?

मी न्यू जर्सीत नोकरी सांभाळून वीसेक वर्षं हा उद्योग करतोय. विक्रेता नाही, ग्रंथपालही नाही. फसलोय मात्र पुष्कळदा, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

पहिली फसगत आधी सांगतो. ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेतले एल्ड्रिज क्लीव्हर यांचं ‘सोल ऑन आइस’ मी ऑनलाइन घेतलं. वर्णनात लिहिलं होतं ‘१९६८, फर्स्ट एडिशन’. घरी आलं, वरचं कागदी जॅकेट नव्यासारखं चकचकीत, मी खूश. चार महिन्यांनी एका जुन्या पुस्तकविक्या आजोबांना दाखवलं. त्यांनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. जॅकेटची आतली घडी पाहिली, छापील किंमत नाही. जॅकेट बाजूला केलं, मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि माझं बोट धरून तिथे टेकवलं. एक बारीक खळगा लागला. बुक क्लबची प्रत! वर्ष तेच, प्रकाशकाचं नाव तेच, पण सभासदांसाठी स्वस्तात वेगळी छापलेली. कागद हलका, आकारही बरेचदा किंचित लहान. वाचायला उत्तम, संग्रहाच्या दृष्टीने किंमत जवळजवळ शून्य. त्या दिवसापासून माझं बोट आधी मागच्या पुठ्ठ्यावर जातं.

आता शब्दांचा घोळ मिटवू, कारण आपण मराठी वाचक इथेच हमखास अडखळतो. आपल्या पुस्तकांत ‘पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती’ अशी यादी असते आणि दुसरी आवृत्ती म्हणजे पुष्कळदा तोच मजकूर पुन्हा छापलेला असतो. इथला संग्राहक ‘फर्स्ट एडिशन’ म्हणतो तेव्हा त्याला पहिल्या आवृत्तीचं पहिलं मुद्रण अभिप्रेत असतं. पाचवं मुद्रणही कागदोपत्री पहिल्याच आवृत्तीचं असू शकतं आणि विक्रेता ते ‘फर्स्ट एडिशन’ म्हणून विकू शकतो. खोटं बोलला असंही म्हणता येत नाही. म्हणून त्याला विचारायचा प्रश्न ‘पहिली आवृत्ती आहे का’ हा नाही. ‘कॉपीराइटच्या पानाचा फोटो पाठवा’ हे मागणं आहे. फोटो पाठवायला जो कां कूं करतो त्याला सोडून द्या.

त्या पानावर काय बघायचं हे प्रत्येक प्रकाशकाचं वेगळं. किंग यांचं पहिलं पुस्तक ‘स्ट्राइड टोवर्ड फ्रीडम’, म्हणजे अलाबामातल्या माँटगोमेरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध झालेल्या बहिष्काराची हकिकत, १९५८ मध्ये हार्पर अँड ब्रदर्सने काढलं. हार्परवाले ‘फर्स्ट एडिशन’ असे शब्द छापत आणि शिवाय दोन अक्षरांची खूण टाकत. पहिलं अक्षर महिन्याचं, ए पासून एम पर्यंत, मधलं जे वगळून. दुसरं वर्षाचं. १९५८ साठी एच. हीच वर्षाची अक्षरं ठरावीक काळाने फिरून येत, त्यामुळे एच १९३३ चंही असू शकतं, पण किंग यांच्या बाबतीत तो गोंधळ अर्थातच नाही. ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ माल्कम एक्स’ ग्रोव्ह प्रेसचं, १९६५ चं, तिथे ‘फर्स्ट प्रिंटिंग’ असे शब्द हवेत. पुढच्या काळात आकड्यांची ओळ आली, नव्या मुद्रणाला तिच्यातला सगळ्यांत लहान आकडा काढून टाकतात. चळवळीतले विद्यार्थी नेते आणि पुढे अटलांटाचे खासदार झालेले जॉन लुईस यांचं ‘वॉकिंग विथ द विंड’ सायमन अँड शुस्टरने १९९८ मध्ये काढलं. त्यात १ ३ ५ ७ ९ १० ८ ६ ४ २ अशी ओळ असते आणि १ शाबूत असेल तर पहिलं मुद्रण. रँडम हाउसची तऱ्हा निराळी. सत्तरच्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं त्यांच्या पहिल्या मुद्रणातही ओळ २ वरच थांबायची, सोबत ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्द असायचे, आणि दुसऱ्या मुद्रणात ते शब्द काढले जायचे. अँजेला डेव्हिस यांचं १९७४ चं आत्मचरित्र बघताना हे लक्षात ठेवा (त्याचं संपादन टोनी मॉरिसन यांनी केलं होतं, तेव्हा त्या रँडम हाउसमध्ये संपादक होत्या). नियम ठाऊक नसल्यामुळे विक्रेत्याने दुसरं मुद्रण म्हणून स्वस्तात लावलेली खरी पहिली प्रत अधूनमधून मिळते. मला एकदा मिळाली आहे.

जॅकेटबद्दल एकच सांगतो. किमतीचा मोठा वाटा त्या कागदात असतो. जॅकेट नसलेलं ‘माल्कम एक्स’ आणि जॅकेटसकट ‘माल्कम एक्स’ हे दोन वेगळ्या दुनियेतले सौदे. भेट देताना किमतीचा कोपरा कात्रीने कापायची इथे पद्धत होती. तसा कापलेला असेल तर बुक क्लबची शंका घ्यायची आणि बाकीच्या खुणा दुप्पट काळजीने तपासायच्या. आणि विक्रेत्यांच्या भाषेत ‘गुड’ म्हणजे वाईट, ‘व्हेरी गुड’ म्हणजे बरं, ‘फाइन’ म्हणजे चांगलं. हे पाठच करून टाका.

सहीचं प्रकरण जरा खोल आहे.

माल्कम एक्स यांची हत्या २१ फेब्रुवारी १९६५ ला ऑड्युबॉन बॉलरूममध्ये झाली. करार डबलडेशी होता. हत्येनंतर डबलडेने पुस्तक सोडून दिलं, ग्रोव्हने घेतलं, आणि ते बाजारात आलं तेव्हा माल्कम जाऊन कित्येक महिने झाले होते. म्हणजे या पुस्तकावर त्यांची सही असूच शकत नाही. तरी ‘माल्कम एक्स यांनी स्वाक्षरी केलेली पहिली आवृत्ती’ असं वर्णन मी डोळ्यांनी वाचलंय. सहलेखक ॲलेक्स हेली यांची सही मात्र खरी असू शकते, ते १९९२ पर्यंत होते. पॉली मरे यांचं ‘साँग इन अ वेअरी थ्रोट’ तसंच. त्या १९८५ मध्ये गेल्या, पुस्तक १९८७ चं. सहीचा दावा दिसला की आधी दोन तारखा शेजारी ठेवायच्या, मृत्यूची आणि प्रकाशनाची. फुकटची परीक्षा आहे, पण लोक करत नाहीत.

किंग यांच्या सह्या खऱ्या असतात, पण त्यांच्या वतीने कार्यालयातल्या सचिवांनी केलेल्याही असतात. ‘स्ट्राइड टोवर्ड फ्रीडम’वर त्यांनी बऱ्याच सह्या दिल्या. २० सप्टेंबर १९५८ ला न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या ब्लमस्टाइन्स या दुकानात ते याच पुस्तकावर सह्या देत बसले होते, तेव्हा एका मनोरुग्ण बाईने त्यांच्या छातीत कागद कापायची सुरी खुपसली. पातं महारोहिणीला टेकलं होतं. नुसती शिंक आली असती तरी संपलं असतं, असं पुढे मेम्फिसच्या शेवटच्या भाषणात त्यांनी स्वतः सांगितलं. तुमच्या शंभर डॉलरांत किंग यांची सही येणार नाही, तिचे आकडे हजारांत जातात. पण तुम्ही अटलांटात आहात. मोरहाउस कॉलेजच्या मालकीचा किंग यांच्या कागदपत्रांचा संग्रह तुमच्याच शहरात आहे. २००६ मध्ये ३ कोटी २० लाख डॉलर मोजून तो लिलावाआधी वाचवला गेला. खरं हस्ताक्षर कसं वाहतं, कुठे तुटतं, हे डोळ्यांत बसवायचं तर असे कागद बघत राहा. सही असलेली महाग प्रत घ्यायचीच झाली तर एबीएए या जुन्या पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेच्या सभासदाकडूनच, वर्णन चुकीचं निघालं तर परत घेण्याच्या लेखी हमीवर. लिलावांच्या साइटवर ‘प्रमाणपत्रासह’ जे विकतात त्यातलं प्रमाणपत्र बहुतेक वेळा विकणाऱ्यानेच छापलेलं असतं.

मग घ्यायचं काय? इथे माझं मत बहुतेक संग्राहकांच्या उलट आहे. किंग आणि माल्कम यांच्यापासून सुरुवात करूच नका. ती दोन पुस्तकं सगळ्यांना हवी आहेत, त्यामुळे महाग आहेत. चांगल्या जॅकेटसकट ‘माल्कम एक्स’ हजार डॉलरांच्या पुढेच जातं, म्हणजे तुमची वर्षाची शिल्लक एका पुस्तकात. आधी स्वतःचा एक प्रश्न ठरवा आणि त्या प्रश्नाला उत्तर देणारी पुस्तकं गोळा करा.

माझा प्रश्न कसा सापडला ते सांगतो. मी नागपूरचा, हिस्लॉप कॉलेजचा. इथे आल्यावर गावच्या ग्रंथालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत दोन डॉलरला लुईस यांचं पुस्तक घेतलं, केवळ जाड आणि स्वस्त म्हणून. त्यात नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना अहिंसेचे धडे देणारे जेम्स लॉसन भेटले. मार खायचा कसा, डोकं वाचवायचं कसं, उलटा हात न उचलता खुर्चीत बसून राहायचं कसं, हे सगळं ते संध्याकाळच्या वर्गांत करून घेत. लॉसन कोण म्हणून शोधत गेलो तर कळलं की कोरियन युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिल्याबद्दल तुरुंग भोगून हा माणूस १९५३ मध्ये मेथडिस्ट मिशनरी म्हणून थेट नागपूरला, हिस्लॉपमध्ये आला होता! तीन वर्षं तिथे होता. माँटगोमेरीचा बहिष्कार सुरू झाल्याची बातमी त्याने नागपुरात, तिथल्या वर्तमानपत्रात वाचली. १९५७ मध्ये ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात किंग यांची गाठ पडली आणि ते म्हणाले, थांबू नका, दक्षिणेत या. १३ फेब्रुवारी १९६० ला नॅशव्हिलच्या दुकानांतल्या, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरांवर विद्यार्थी जाऊन बसले, त्यांत लुईस होते. ज्या कॉलेजात मी तीन वर्षं कँटीनमध्ये घालवली तिथे कुणी मला हे नाव सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या कपाटाचा प्रश्न एकच: या लोकांना शिकवलं कोणी? एकदा प्रश्न ठरला की बाजार वेगळाच दिसायला लागतो.

सेप्टिमा क्लार्क यांचं ‘एको इन माय सोल’, डटन, १९६२. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या या शिक्षिकेने एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं सभासदत्व सोडायला नकार दिला म्हणून १९५६ मध्ये तिची नोकरी गेली. मग टेनेसीतल्या हायलँडर या कार्यकर्ते घडवणाऱ्या शाळेत तिने प्रौढांना शिकवायला घेतलं. रोझा पार्क्स १९५५ च्या उन्हाळ्यात, म्हणजे बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला त्यांनी नकार दिला त्याच्या काही महिने आधी, तिथल्याच शिबिराला जाऊन आल्या होत्या. क्लार्क, ईसॉ जेन्किन्स आणि मंडळींनी जॉन्स आयलंडवर नागरिकत्वाची पहिली शाळा काढली ती एका दुकानाच्या मागच्या खोलीत, पुढे किराणा मांडून, गोऱ्यांना संशय येऊ नये म्हणून. मतदार नोंदणीची परीक्षा पास व्हायला लिहिता-वाचता येणं लागे. ते शिकवणारी पहिली बाई, बर्नीस रॉबिन्सन, पेशाने केशभूषा करणारी होती. हे पुस्तक जॅकेटसकट मला अजून किंग यांच्या पुस्तकाच्या कितीतरी कमी पैशांत दिसतं. क्लार्क यांचं दुसरं कथन ‘रेडी फ्रॉम विदिन’ १९८६ मध्ये वाइल्ड ट्रीज प्रेसने काढलं, ही कादंबरीकार ॲलिस वॉकर यांची छोटी प्रकाशनसंस्था. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. १९६२ मध्ये जे बोलता येत नव्हतं, विशेषतः चळवळीतल्या पुरुषांबद्दल, ते १९८६ मध्ये बोललेलं दिसेल.

माँटगोमेरीच्या प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांचंही तेच. १ डिसेंबर १९५५ च्या रात्री अलाबामा स्टेट कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रकं काढून बहिष्काराची हाक त्यांनी दिली. त्यांचं पुस्तक आलं १९८७ मध्ये, टेनेसी विद्यापीठाच्या प्रकाशनाकडून, तीस वर्षांहून जास्त उशिरा. ज्यांची नोकरी सरकारी कॉलेजात होती त्यांना तोंड उघडायला इतका वेळ लागला. म्हणून ‘त्या काळात छापलेलंच घेणार’ असा हट्ट धरू नका. बायकांची अर्धी साक्ष त्यात हातची जाईल.

लिटल रॉकच्या गोऱ्यांच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळावा म्हणून लढलेल्या डेझी बेट्स यांचं ‘द लाँग शॅडो ऑफ लिटल रॉक’, डेव्हिड मॅके, १९६२, प्रस्तावना एलिनॉर रूझवेल्ट यांची. त्याच वर्षी नोव्हेंबरात रूझवेल्ट गेल्या. गंमत अशी की या पुस्तकाला अमेरिकन बुक अवॉर्ड मिळालं १९८८ मध्ये, आर्कान्सा विद्यापीठाने पुनर्मुद्रण केल्यावर. त्यामुळे पुष्कळांना पुनर्मुद्रणच ठाऊक आहे. हत्या झालेले कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांच्या पत्नी मिर्ली एव्हर्स यांचं ‘फॉर अस, द लिव्हिंग’, डबलडे, १९६७. डबलडेच्या बाबतीत बुक क्लबचा खळगा विसरू नका. मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी जेम्स मेरेडिथ यांचं ‘थ्री इयर्स इन मिसिसिपी’, इंडियाना विद्यापीठ, १९६६. ॲन मूडी यांचं ‘कमिंग ऑफ एज इन मिसिसिपी’, डायल, १९६८. हे शेवटचं कॉलेजांत नेमलेलं असतं म्हणून पेपरबॅकांचा ढीग आहे, पण पहिलं मुद्रण जॅकेटसकट शोधायला वेळ लागतो. अमेरिकी संसदेत निवडून गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला शर्ली चिझम यांचं ‘अनबॉट अँड अनबॉस्ड’, हॉटन मिफ्लिन, १९७०, निवडणुकीच्या राजकारणाकडे ओढा असेल तर जरूर.

खरं दुर्मीळ मात्र पुठ्ठ्याच्या बांधणीत नसतं. फॅनी लू हॅमर, मिसिसिपीतल्या रूलव्हिलच्या शेतमजूर बाई, १९६४ मध्ये अटलांटिक सिटीला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात तुरुंगातल्या मारहाणीची साक्ष देऊन त्यांनी देश हलवला. त्यांचं आत्मकथन म्हणजे ‘टू प्रेज अवर ब्रिजेस’ नावाची पातळ पुस्तिका, जॅक्सन, १९६७. अशा पुस्तिका हातोहात फिरल्या, घडी करून खिशात गेल्या, फेकल्या गेल्या. रॉबर्ट विल्यम्स यांचं ‘नीग्रोज विथ गन्स’ मार्झानी अँड मन्सेल या छोट्या प्रकाशकाने १९६२ मध्ये काढलं, तेव्हा लेखक क्युबात परागंदा होता. अशा गोष्टींसाठी ऑनलाइन यादीत लेखकाचं नाव टाकून बसण्यात अर्थ नाही. चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत, निवृत्त शिक्षकांच्या घरच्या विक्रीत, खोक्याच्या तळाशी, चर्चच्या कार्यक्रमपत्रिकांच्या गठ्ठ्यात हात घाला. अटलांटासारखी जागा त्यासाठी दुसरी नाही. न्यूयॉर्कच्या स्वॉन गॅलरीज दरवर्षी आफ्रिकन-अमेरिकन छापील साहित्याचा लिलाव करतात. घ्यायचं नसलं तरी त्यांच्या याद्या वाचा, वर्णन कसं लिहावं हे तिथे शिकायला मिळतं.

ग्रंथालयाच्या शिक्क्यांच्या प्रती टाळाव्यात असं सगळे सांगतात, मीही सांगेन. पण डोळे मिटून नको. माझ्याकडे बेट्स यांच्या पुस्तकाची एक प्रत आहे, कणा सैल, जॅकेट नाही, आत दक्षिणेतल्या एका कृष्णवर्णीय शाळेचा शिक्का आणि मागच्या खिशात परतीच्या तारखांचं कार्ड. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा एकत्र केल्या गेल्या तेव्हा अशा कित्येक शाळा बंद झाल्या, पुस्तकं बाहेर पडली. विक्रेत्याने ती पाच डॉलरला दिली. स्वच्छ प्रत मी नंतर घेतली, पण पाहुण्यांना ही दाखवतो.

भारतात गेल्यावर शोधणार असाल तर अपेक्षा ठरवून जा. आपल्या बाजारात इंग्रजी पुस्तकं बहुतांश लंडनहून आली. त्यामुळे सीताबर्डीला किंवा मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर ‘माल्कम एक्स’ मिळालं तर ते बहुधा १९६८ नंतरचं पेंग्विन असेल, ‘स्ट्राइड’ मिळालं तर गोलांझचं १९५९ चं. गोलांझची ही ब्रिटिश पहिली आवृत्ती, अमेरिकन बाजारात तिला मान कमी. मी तरी घेतो. दलित पँथर १९७२ मध्ये मुंबईत उभी राहिली तेव्हा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नावच घेऊन उभी राहिली. हे लिखाण आपल्याकडे कुठल्या रूपात पोचलं असेल, याचा पुरावा त्या पिवळ्या पडलेल्या पेंग्विनमध्ये आहे.

आणखी एक भारतीय पुस्तक तुमच्या यादीत हवं. दांडीयात्रेत चाललेले कृष्णलाल श्रीधराणी यांचं ‘वॉर विदाउट व्हायोलन्स’, हार्कोर्ट ब्रेस, १९३९. १९४२ मध्ये शिकागोत स्थापन झालेल्या कोअर या वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या संघटनेची मंडळी ते सत्याग्रहाचं हातपुस्तक म्हणून वापरत. आत्मकथन नाही, पण ‘शिकवलं कोणी’ या माझ्या कपाटात ते पहिल्या खणात आहे.

सांभाळायचं कसं, हे थोडक्यात. जॅकेटला मायलरचं पारदर्शक आवरण चढवा, डिंक किंवा सेलोटेप कधीही नाही. उन्हाची तिरीप येणाऱ्या भिंतीला कपाट नको, लाल कण्यांचा रंग सगळ्यांत आधी उडतो. जॉर्जियाचा उन्हाळा दमट असतो, खोलीतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा, नाहीतर कसर लागते. डांबराच्या गोळ्या नकोत, तो वास कागदातून पुन्हा जात नाही. आणि प्रत्येक पुस्तक कुठे, कधी, कितीला घेतलं हे वहीत लिहा. पुस्तकावर नाही. आपल्याला पहिल्या पानावर नाव-तारीख टाकायची खोड असते.

पहिल्या महिन्याच्या शंभर डॉलरांत मी तुमच्या जागी असतो तर लुईस यांचं पहिलं मुद्रण, आकड्यांची ओळ तपासून घेतलेलं, आणि उरलेल्या पैशांत क्लार्क यांचं ‘रेडी फ्रॉम विदिन’ घेतलं असतं. लुईस हात आखडता न घेता सह्या देत. २०२० मध्ये ते गेल्यावर सहीच्या प्रतींचे भाव चढले, तरी त्यांच्याच अटलांटात, त्यांच्याच मतदारसंघात, एखाद्या घरच्या विक्रीत अशी प्रत नुसती पडलेली असू शकते. आणि हॅमर यांची पुस्तिका हाती लागली तर ती लगेच उघडू नका, आधी स्टेपल गंजून कागद सुटलाय का बघा, आणि मग मला कळवा. मला ती अजून मिळालेली नाही. किंमत पडती सांगणार असाल तर वर हल्दीरामची संत्रा बर्फी माझ्याकडून.